लिनक्सवर संगीत करताना वाद्यांचे आवाज कुठून आणायचे आणि कुठली फाईल चालते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात घरीच लिनक्सवर भजनांचे आणि नाटकाच्या तालमींचे ट्रॅक बनवते. ओळखीतून ओळख निघत गेली आणि कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी इकडून प्रश्न यायला लागले, बरेचसे व्हॉट्सॲपवर, काही तर ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्या उभ्या. तेच ते प्रश्न परत येतात म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर, आणि एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, साउंडफाँट म्हणजे नक्की काय? त्यात गाणं असतं का?

गाणं नसतं. खऱ्या वाद्याचे एकेक सूर रेकॉर्ड करून एका फाईलमध्ये बांधलेले असतात आणि सोबत सूचना असतात, म्हणजे कुठल्या पट्टीला कुठला तुकडा वाजवायचा, जोरात दाबली तर कुठला, हळू दाबली तर कुठला. गाणं असतं मिडी फाईलमध्ये, आणि मिडीत आवाज अजिबात नसतो, कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली एवढंच लिहिलेलं असतं. थोडक्यात मिडी ही नोटेशनची वही, साउंडफाँट म्हणजे पेटी-तबल्याचा साज, आणि वाजवणारा अजून तिसराच, तो म्हणजे प्लेयर. बिघाड झाला की या तिघांपैकी कोण रुसलंय ते आधी बघायचं.

२. लिनक्ससाठी वेगळी साउंड फाईल मिळते का? मला सगळीकडे विंडोज आणि मॅकच दिसतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. नाही, वेगळी फाईल नसते आणि ती शोधण्यात लोक आठवडे घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. आवाजाची फाईल म्हणजे नुसता डेटा, फोटोसारखा, तिला ऑपरेटिंग सिस्टिमशी काही देणंघेणं नसतं. सिस्टिमला बांधलेला असतो तो प्लेयर किंवा प्लगइन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. म्हणून "लिनक्ससाठी तबला" असं शोधू नका, फॉरमॅटचं नाव घालून शोधा, "तबला एसएफ२" किंवा "तबला एसएफझेड". डाउनलोडमधून एसएफ२ किंवा एसएफझेड निघालं तर जवळजवळ नक्की चालेल, इन्स्टॉलर निघाला तर तो विंडोजचा प्रोग्रॅम आहे, त्यासाठी प्रश्न १२ बघा.

३. एसएफ२, एसएफ३, एसएफझेड, गिग... यात फरक काय आणि मी कुठलं घेऊ?

एसएफ२ सगळ्यात जुना आणि सगळीकडे चालणारा. ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांनी ९० च्या दशकात साउंड ब्लास्टर कार्डांसाठी साउंडफाँट आणला, तोच वारसा. एकच फाईल, आत सगळं. एसएफ३ म्हणजे तेच, पण आतले आवाज ऑग व्हॉर्बिस या पद्धतीने दाबून लहान केलेले, हे म्युझस्कोअर या नोटेशन लिहायच्या प्रोग्रॅमवाल्यांनी सुरू केलं. म्युझस्कोअरचा जनरल साउंडफाँट एसएफ२ मध्ये २०० एमबीच्या वर जातो आणि एसएफ३ मध्ये ४० च्या आत बसतो. फ्लुइडसिंथ (साउंडफाँट वाजवणारा प्लेयर) आणि म्युझस्कोअर दोन्ही फॉरमॅट घेतात, काही जुने प्रोग्रॅम मात्र एसएफ३ उघडत नाहीत.

एसएफझेडचं प्रकरण वेगळं आहे आणि मला स्वतःला तेच आवडतं. ती साधी टेक्स्ट फाईल असते, शेजारच्या फोल्डरमध्ये रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या वेव्ह किंवा फ्लॅक फाईली पडलेल्या असतात आणि टेक्स्टमध्ये लिहिलेलं असतं की ही फाईल या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून तुम्ही दुरुस्त करू शकता. एक लक्षात ठेवा, नुसती एसएफझेड फाईल कुणी पाठवली तर ती मुकी, फोल्डर सोबत हवंच. गिग हा गिगासॅम्पलर या जुन्या प्रोग्रॅमचा फॉरमॅट, तो लिनक्ससॅम्पलर या प्लेयरमध्ये वाजतो. आणि डिसेंट सॅम्पलरचा स्वतःचा फॉरमॅट आहे, त्याचा प्लेयर फुकट आहे आणि लिनक्सवरही येतो.

४. आजच सुरू करायचंय. नेमकं काय काय इन्स्टॉल करू?

उबुंटू, मिंट किंवा डेबियन असेल तर सॉफ्टवेअर सेंटरमधून क्यूसिंथ घ्या, त्याच्या पोटात फ्लुइडसिंथ येतो. सोबत फ्लुइड साउंडफाँट जीएम हे पॅकेज, साधारण १४० एमबी, त्यात जनरल मिडी या ठरलेल्या यादीतली सगळी १२८ वाद्यं आणि ड्रम्स. इन्स्टॉल झाल्यावर फाईल युएसआर, त्याच्या आत शेअर, त्याच्या आत साउंड्स, त्याच्या आत एसएफ२ या फोल्डरमध्ये सापडते, लोक होम फोल्डरमध्ये शोधत बसतात आणि मग मला फोन. हलकं काही हवं असेल तर टिमजीएम नावाचा फक्त ६ एमबीचा आहे, आणि मधला म्हणाल तर जनरलयूझर जीएस, ३० एमबीच्या आसपास, आकाराच्या मानाने फारच गोड वाजतो, मी नवीन माणसाला आधी तोच देते.

एसएफझेड वाजवायला स्फिझ हे प्लगइन. कार्ला नावाचा प्लगइन होस्ट, म्हणजे प्लगइन चालवणारा प्रोग्रॅम, तो पण ठेवा, त्यात एसएफ२ आणि एसएफझेड दोन्ही उघडता येतात, फाईल चालते का ते पटकन तपासायला बरा. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगला आर्डर नावाचा प्रोग्रॅम, त्यात फ्लुइडसिंथचं प्लगइन सोबतच येतं. एलएमएमएस या गाणी बनवायच्या प्रोग्रॅममध्ये एसएफ२ प्लेयर आहेच.

५. क्यूसिंथ चालू आहे, फाईल लोड झालीये, पण आवाजच येत नाही. किंवा अगदीच हळू येतो.

दहातल्या सात वेळा वायर जोडलेली नसते, म्हणजे कीबोर्डचं मिडी क्यूसिंथपर्यंत पोचलेलंच नसतं. या जोडण्या दाखवणारा क्यूपीडब्ल्यूग्राफ हा प्रोग्रॅम उघडा, त्यात डावीकडे तुमचा कीबोर्ड, उजवीकडे फ्लुइडसिंथ दिसेल, माऊसने ओढून जोडा. नंतर क्यूसिंथच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ड्रायव्हर बघा, हल्लीच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे उबुंटू-मिंटसारख्या लिनक्सच्या प्रकारांत, आवाज इकडून तिकडे नेण्याचं काम पाइपवायर करतं आणि जॅक ही जुनी व्यवस्था निवडली तरी ते पाइपवायरमधूनच जातं.

अगदी हळू येत असेल तर गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते सेटिंग. फ्लुइडसिंथचा मूळ गेन ०.२ असतो, मुद्दाम कमी ठेवलेला, कारण खूप सूर एकदम वाजले की आवाज फाटू नये. एकच पेटी वाजवायची असेल तर बिनधास्त वाढवा. आणि हो, फ्लुइडसिंथ स्वतःचा रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (एका आवाजाचे अनेक भासवणारा परिणाम) लावूनच येतो, तबल्यावर तो कोरस कानाला फार खुपतो, बंद करा.

वाजतं पण दाबल्यावर उशिरा वाजतं ही तक्रार वेगळी, तो बफरचा, म्हणजे एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवायचा याचा प्रश्न. सेकंदाला ४८००० नमुन्यांच्या रेटला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे जवळपास २१ मिलिसेकंद, त्यात तालवाद्य वाजवताच येणार नाही. २५६ केलं की ५ च्या आसपास येतं.

६. फुकट आणि चांगले आवाज नेमके कुठे मिळतात?

म्युझिकल आर्टिफॅक्ट्स या साइटवर फॉरमॅट आणि लायसन्स दोन्ही निवडून शोधता येतं, सुरुवात तिथून करा. पियानोसाठी सॅलॅमँडर ग्रँड पियानो, यामाहा सी५ रेकॉर्ड केलाय, एकेका सुराला जोराप्रमाणे १६ थर, एसएफझेडमध्ये. ऑर्केस्ट्रासाठी व्हीएससीओ २ ची कम्युनिटी आवृत्ती किंवा व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा. सुटे आवाज हवे असतील, म्हणजे टाळेचा एक ठोका, मंजिऱ्या, घंटा, तर फ्रीसाउंड, बार्सिलोनाच्या विद्यापीठातून २००५ पासून चालू आहे. आयोवा विद्यापीठानेही पाश्चात्त्य वाद्यांचे सूर एकेक करून रेकॉर्ड करून खुले ठेवलेत.

"दहा हजार साउंडफाँट एकत्र" असले गठ्ठे घेऊ नका, त्यात कुणाचं काय आहे कळत नाही आणि लायसन्सचा पत्ता नसतो.

७. हे आवाज वापरून केलेलं गाणं युट्यूबवर टाकून पैसे मिळाले तर चालतं का?

लायसन्सवर आहे, आणि ते डाउनलोड करतानाच वाचायचं. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, खुल्या लायसन्सचे प्रकार. सीसी-झीरो असेल तर काहीही करा. सीसी-बाय असेल तर वर्णनात नाव द्या. एनसी दिसलं, म्हणजे नॉन-कमर्शियल, तर पैशाच्या कामात वापरू नका. फ्लुइडच्या जीएम फाँटचं लायसन्स एमआयटी नावाचं मोकळं लायसन्स आहे, निश्चिंत वापरा.

मी हे कळकळीने सांगते कारण एकदा एका मंडळाच्या आठ भजनांचे ट्रॅक मी पूर्ण केले होते, आणि शेवटी बघते तर तबल्याच्या फाईलवर एनसी. ट्रॅकचे पैसे घेतले होते. सगळा तबला काढून परत बसवला, चार रात्री गेल्या. तेव्हापासून प्रत्येक फाईलच्या फोल्डरमध्ये लायसन्सची टेक्स्ट फाईल ठेवल्याशिवाय मी ती वापरत नाही.

लिनक्ससॅम्पलरबद्दलही गोंधळ होतो. त्याच्या सोर्सला व्यावसायिक वापराची एक अट जोडलेली आहे म्हणून तो डेबियनच्या मुख्य भांडारात नाही, ती अट प्रोग्रॅम दुसऱ्या विकाऊ उत्पादनात घालण्याबद्दल आहे, तुमच्या गाण्याबद्दल नाही.

८. माझ्या जुन्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. मोठा साउंडफाँट टाकला की सगळं थांबतं.

फ्लुइडसिंथ एरवी अख्खी फाईल रॅममध्ये भरतो, म्हणजे १ जीबीचा फाँट टाकला तर १ जीबी गेली. त्यात एक सेटिंग आहे, डायनॅमिक सॅम्पल लोडिंग, ते चालू केलं की फक्त निवडलेल्या वाद्याचे तुकडे भरतो. लिनक्ससॅम्पलर तर डिस्कवरून वाजवता वाजवता वाचतो, मोठ्या पियानोला तो बरा, डिस्क एसएसडी असेल तर. दुसरा मार्ग म्हणजे पॉलिफोन नावाच्या एडिटरमध्ये फाँट उघडून फक्त लागणारी चार वाद्यं नवीन फाईलमध्ये काढून घेणं. मी भजनासाठी असा छोटा फाँट करून ठेवलाय.

९. १२८ वाद्यांत तबला, ढोलकी, संबळ कुठे आहे? सापडतच नाही.

नाहीच आहे. जनरल मिडीची यादी १९९१ ची, त्यात आपल्याकडची म्हणावी अशी सतार १०५ वर आणि सनई ११२ वर. पेटी नाही, जवळचा म्हणजे २१ वरचा रीड ऑर्गन, पण तो चर्चमधला वाटतो, भजनात लावला की मंडळातले काका लगेच विचारतात हे काय. तबला, पखवाज, ढोलकी, संबळ, हलगी, तुणतुणं यातलं एकही नाही. वेगळे तबल्याचे साउंडफाँट लोकांनी बनवलेत, पण बऱ्याचशांत एका बोलाचा एकच तुकडा असतो, त्यामुळे केरवा वाजवला तरी शिलाई मशीनसारखा ऐकू येतो. ढोलकीची थाप आणि संबळ तर मला मनासारखी एकही खुल्या लायसन्सची फाईल मिळालेली नाही. म्हणून मी स्वतः रेकॉर्ड करायला लागले, प्रश्न १४ बघा.

१०. सतार निवडली तर बँजो वाजतो. आणि पेटीच्या जागी ड्रम्स वाजतात!

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजणीची: काही प्रोग्रॅम १ पासून मोजतात, फ्लुइडसिंथ ० पासून. छापील यादीत सतार १०५, क्यूसिंथमध्ये ती १०४. १०५ टाकलंत तर पुढचं वाद्य, म्हणजे बँजो. एक वजा करा.

दुसरी, जनरल मिडीत १० नंबरचं चॅनल तालवाद्यांसाठी राखीव आहे, तिथे तुम्ही काहीही निवडा, ड्रम किटच येणार, क्यूसिंथमध्ये ते १२८ नंबरच्या बँकेत, म्हणजे वाद्यांच्या गटात, दिसतात. पेटी दुसऱ्या चॅनलवर न्या. उलट स्वतःचा तबल्याचा एसएफ२ साध्या बँकेत बांधला असेल तर तो १० वर वाजणार नाही, पॉलिफोनमध्ये बँक १२८ करा नाहीतर दुसरं चॅनल घ्या.

११. एसएफझेड उघडलं पण निम्म्या पट्ट्या मुक्या आहेत. विंडोजवर मित्राकडे बरोबर वाजतं.

हा एकच प्रश्न असा आहे की जिथे लिनक्सचा खरंच फरक पडतो. लिनक्समध्ये फाईलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात, विंडोजमध्ये नाही. टेक्स्टमध्ये नाव कॅपिटलने लिहिलंय आणि फोल्डरमधली फाईल स्मॉल अक्षरात आहे, की विंडोज चालवून घेतं आणि इथे ती पट्टी मुकी. दुसरं म्हणजे फोल्डरच्या नावांमधली रेघ, विंडोजवाले उलटी तिरकी रेघ घालतात, आपल्याकडे सुलटी. काही प्लेयर हे सांभाळून घेतात, काही नाही. एसएफझेड टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, उलट्या रेघा सुलट्या करा, नावं जुळवा, पाच मिनिटांचं काम. आणि झिप सोडवताना आतलं फोल्डर एक पायरी आत-बाहेर झालंय का तेही बघा, तेव्हा मात्र निम्म्या नाही, सगळ्याच पट्ट्या मुक्या होतात.

फ्लॅटपॅकवरून, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बंद करून देणाऱ्या व्यवस्थेतून, घेतलेल्या प्रोग्रॅमला फाईलच दिसत नसेल तर कारण वेगळं. फ्लॅटपॅकचा प्रोग्रॅम बंद खोलीत चालतो, त्याला सिस्टिमचं साउंड्सचं फोल्डर दिसत नाही. फाँट होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि फ्लॅटसील या परवानग्यांच्या प्रोग्रॅममधून त्या फोल्डरची परवानगी द्या. प्लगइनचंही तसंच, सिस्टिममध्ये टाकलेलं स्फिझ फ्लॅटपॅकमधल्या आर्डरला दिसणार नाही, ते फ्लॅटपॅकमधूनच घ्यावं लागतं.

१२. माझ्याकडे कॉन्टॅक्टच्या विकत घेतलेल्या लायब्ररी आहेत. त्या लिनक्सवर चालतील?

कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा फॉरमॅट बंद आहे आणि लिनक्सचा कॉन्टॅक्ट नाही. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं ते) आणि यॅब्रिज (विंडोजची प्लगइन जोडून देतं ते) वापरून विंडोजची प्लगइन चालवणारे लोक आहेत, पण लायसन्स तपासणारे प्रोग्रॅम तिथे त्रास देतात आणि एका अपडेटने सगळं बंद पडतं, उद्या संध्याकाळी कार्यक्रम असेल तर यावर विसंबू नका. लायब्ररी बंदिस्त केलेली नसेल तर कन्व्हर्टविथमॉस हे फुकट टूल काही फाईली एसएफझेडमध्ये बदलून देतं, फक्त तुमच्या लायसन्सला ते चालतं का ते आधी बघा.

१३. जुन्या साइटवरून फाईल उतरवली, शेवटी एसएफआर्क किंवा एसएफपॅक लिहिलंय. उघडत नाही.

डायलअपच्या काळातले हे दाबून ठेवलेले एसएफ२ आहेत. एसएफआर्क पॉलिफोनमध्ये उघडतं, नाहीतर एसएफआर्क-एक्सटीसी हे छोटं टूल आहे. एसएफपॅकचा प्रोग्रॅम विंडोजचाच, वाइनमध्ये चालवून बघा.

१४. स्वतःचा तबला किंवा पेटी रेकॉर्ड करून फाईल बनवता येते का? मी काही इंजिनियर नाही.

येते, आणि कृपा करून करा, आपल्या वाद्यांच्या चांगल्या खुल्या फाईली फार कमी आहेत.

सगळ्यात अवघड काम म्हणजे शांतता. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना रात्रीही अवजड गाड्यांचा गुरगुराट येतो, मी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर गाद्या लावून बसते आणि पंखा, फ्रिज बंद. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत तबला उतरतो, पहिल्या बोलापासून शेवटच्या बोलापर्यंत सूर सरकलेला सापडतो. हिवाळ्यात तबला लावून घ्या, दर दहा मिनिटांनी पेटीशी परत जुळवा.

प्रत्येक बोल, ना, ता, तिन, तिट, के, घे, हळू, मध्यम आणि जोरात, प्रत्येकी निदान चार वेळा. चार का, तर एसएफझेडमध्ये राउंड रॉबिन लिहिता येतं, म्हणजे ओळीने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा तुकडा वाजतो आणि प्रश्न ९ मधलं शिलाई मशीन जातं. प्रत्येक बोल पूर्ण विरेपर्यंत थांबा. मग ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये कापा, सुरुवात अगदी काटेकोर, शेवट सैल.

पेटीचं वेगळं. तिला भाता असतो, पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही, म्हणून फाईलमध्ये दाबाचा परिणाम बंद ठेवा आणि आवाजाचा चढउतार मिडीतल्या एक्स्प्रेशनच्या कंट्रोलरला, म्हणजे आवाज वर-खाली करणाऱ्या संदेशाला द्या, ११ नंबरचा. भाता एकसारखा ठेवून प्रत्येक सूर आठ-दहा सेकंद धरा म्हणजे मधला स्थिर भाग लूप करता, म्हणजे परत परत वाजवता, येतो. तानपुऱ्याचा मात्र साउंडफाँट करत बसू नका, दोन मिनिटं सलग रेकॉर्ड करा आणि ऑडिओ ट्रॅक म्हणूनच लावा.

१५. तबल्याचा बोल पट्टी सोडली की मध्येच कापला जातो. आस राहतच नाही.

प्लेयरला वाटतं पियानो आहे, पट्टी सुटली की सूर बंद. एसएफझेडमध्ये "लूप मोड"च्या जागी "वन शॉट" लिहा, मग पट्टी कधीही सोडा, बोल पूर्ण वाजतो. एसएफ२ मध्ये ही सोय नाही, तिथे रिलीजची वेळ वाढवावी लागते. पण मग उलटी पंचाईत होते, डग्ग्यावर घे घुमत असतानाच के वाजला तर घे थांबायला हवा, खऱ्या हातात तो थांबतोच. एसएफझेडमध्ये बोलांना ग्रुप नंबर देऊन "या ग्रुपने त्याला बंद कर" असं लिहिता येतं, ऑफ-बाय. घे आणि के यांना ते द्याच.

१६. मींड येत नाही. आणि आमच्या गायिकेची काळी चार आहे, सगळे सूर सरकवायचे का?

काळी चारसाठी फाईलला हात लावू नका, सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे जिथे मिडीचे सूर मांडता त्या प्रोग्रॅममध्ये, ट्रान्सपोज ८ टाका, पांढरी एकपासून आठ श्रुती नाही, आठ पट्ट्या वर, फार वर गेलं तर उणे ४. तबल्याचा ट्रॅक ट्रान्सपोजमधून वगळा, नाहीतर बोलच बदलतील, ना च्या जागी भलतंच काही. तबल्याचा सूर फाईलमधल्या ट्यूनिंगने लावा.

मींड पिच बेंडने, म्हणजे सूर सरकवणाऱ्या मिडी संदेशाने येते, पण तो मुळात वर-खाली दोनच पट्ट्या जातो. सा पासून प पर्यंत न्यायचं तर कक्षा ७ किंवा जास्त करावी लागते, फ्लुइडसिंथ ती मिडीतल्या आरपीएन शून्य या संदेशाने ऐकतो. आणि कोमल गंधार थोडा अजून उतरा हवा असेल तर स्फिझला स्काला फाईल देता येते, त्यात प्रत्येक सुराची जागा सेंटमध्ये (एका पट्टीचे शंभर भाग) लिहिलेली असते.

१७. मी बनवलेला बोल नोट ६० वर ठेवला, मित्राला एक सप्तक भलतीकडेच सापडतो.

नंबर बघा, नाव नाही. ६० ला काही कंपन्या सी३ म्हणतात, काही सी४. फाईल देताना सोबत नंबर लिहून द्या.

१८. माझं गाणं दुसऱ्याकडे पाठवलं की वेगळंच वाजतं.

मिडी पाठवलीत म्हणून, त्याच्याकडे त्याचा फाँट वाजणार. ऐकायला द्यायचं असेल तर आर्डर किंवा एलएमएमएसमधून वेव्ह काढा, फ्लुइडसिंथ टर्मिनलमधूनही थेट वेव्ह लिहून देतो. पुढे काम करायला द्यायचं असेल तर मिडी, साउंडफाँट आणि लायसन्सची टेक्स्ट फाईल तिन्ही एका फोल्डरमध्ये घालून द्या, फोल्डरचं नाव इंग्रजीत, मध्ये मोकळी जागा न सोडता.